‘टेक’, ‘आल्माक’ आणि आपलं ‘घेणे’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्की शिकायला येणारी मराठी मंडळी बहुधा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक हातात घेऊन येतात. पहिल्याच आठवड्यात वहीत ‘आल्माक = टेक’ अशी नोंद होते आणि पुढचे सहा महिने तो घोळ निस्तरण्यात जातात. खरं तर मराठी माणसाला या क्रियापदासाठी इंग्रजीच्या दारातून जायची गरजच नाही. ‘आल्माक’चा सख्खा भाऊ आपल्या घरातच आहे. ‘टेक’ मात्र तिसऱ्याच गावचा पाहुणा.

लिपीबद्दल आधीच सांगतो. तुर्की शब्द इथे देवनागरीत, ऐकू येतात तसे लिहिले आहेत. तुर्कीत ठिपका नसलेला एक ‘इ’ असतो. मराठी कानाला तो ‘अ’च्या जवळचा वाटतो, म्हणून तो ‘अ’ने दाखवला आहे. ‘झ’ दिसेल तिथे ‘झाड’मधल्यासारखा दंततालव्य उच्चार करा, ‘झिम्मा’सारखा जाड नको.

‘टेक’ हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

डेन्मार्क-नॉर्वेकडून, जहाजातून. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ हे क्रियापद होतं. जर्मनमधलं ‘नेहमेन’ आणि डचमधलं ‘नेमेन’ ही त्याचीच भावंडं आजही ठणठणीत आहेत. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात लुटायला आले आणि नंतर शेती करून तिथेच राहिले. 1016 मध्ये तर क्नूट हा डॅनिश राजाच इंग्लंडच्या गादीवर बसला. या लोकांच्या बोलीतलं ‘ताका’ हे क्रियापद अकराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात दिसू लागतं आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ‘निमान’ला पार हुसकावून लावतं. टेक, टुक, टेकन ही रूपंसुद्धा त्या ‘ताका, तोक, तेकिन’ची सरळ वारसदार आहेत.

मला यातली गंमत वाटते ती अशी. मराठीने फारसी-अरबीतून हजारो शब्द घेतले, पण त्यात नामं जास्त. ‘बदलणे’, ‘फर्मावणे’ अशी थोडी क्रियापदं सोडली तर आपण नाम उचलतो आणि मागे ‘करणे’ जोडतो. हुकूम करणे, अर्ज करणे. ‘घेणे’, ‘खाणे’, ‘जाणे’ यांना कुणी हात लावला नाही. इंग्रजीने मात्र थेट ‘घेणे’च परक्याकडून घेतलं. ‘ते लोक’ या अर्थाचं ‘दे’ हे सर्वनामसुद्धा तिकडचंच. शेजारी राहणारे, एकमेकांत लग्नं करणारे, एकाच बाजारात घासाघीस करणारे लोक असले की असं होतं. नुसत्या राज्यकर्त्यांकडून माणूस सर्वनामं उचलत नाही.

मग ते जुनं ‘निमान’ पूर्ण मेलं का?

क्रियापद म्हणून मेलं, पण दोन शब्दांत त्याची हाडं सापडतात. बधिर झालेल्या बोटांना इंग्रजीत ‘नम’ म्हणतात. मुळात याचा अर्थ ‘घेतलेलं, पकडलं गेलेलं’. थंडीने बोट धरलं, की ते नम. दुसरा शब्द ‘निम्बल’, म्हणजे चपळ. चटकन उचलणारा, चटकन ध्यानात घेणारा. एकाच धातूपासून बधिर आणि चपळ, असे दोन उलटे नातू.

आणि ‘टेक’चा मूळ अर्थ घेणे हाच?

त्याआधीचा अर्थ बहुधा ‘हात लावणे’ असावा. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतलं ‘तेकान’ म्हणजे स्पर्श करणे. आधी हात लावला, मग धरलं, मग उचललं, मग आपलं केलं. इंग्रजीत नंतर या क्रियापदाला जे शेकडो अर्थ फुटले, ते या हाताच्या हालचालीचेच फाटे आहेत.

‘आल्माक’ किती जुना?

तुर्कीचं लिखाण जितकं मागे जातं, तितका. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात आठव्या शतकातले शिलालेख आहेत. त्यातला क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राचा 732 चा आणि त्याचा भाऊ, राजा बिल्गे कागान याचा 735 चा. त्यांत ‘आल’ हा धातू लढाईत जिंकून घेतलं, ताब्यात घेतलं अशा अर्थाने येतो. आजचा इस्तंबूलचा भाजीवाला हाच धातू टोमॅटोसाठी वापरतो. हे शिलालेख 1893 मध्ये वाचणारा भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन मात्र डॅनिश होता. ‘टेक’ इंग्रजांना देणाऱ्यांच्या वंशजानेच तुर्कांचा सगळ्यात जुना ‘आल’ वाचून काढला म्हणायचा.

‘माक’ हा प्रत्यय आपल्या ‘णे’सारखा. धातू फक्त ‘आल’. धातूत ए, इ, यु यांच्यासारखे पुढचे, म्हणजे जीभ पुढे आणून म्हटले जाणारे, स्वर असले की ‘माक’चा ‘मेक’ होतो, म्हणून ‘देणे’ म्हणजे ‘वेर्मेक’. एक छोटा खड्डा इथे आहे. एकाक्षरी धातूंचं सवयदर्शक रूप बहुतेक वेळा ‘आर’ किंवा ‘एर’ने होतं, पण तेरा धातू हा नियम मोडतात आणि त्यात घेणे, देणे, येणे, होणे, मरणे, पाहणे असे रोजच्या वापरातले धातू आहेत. ‘आलार’ नाही, ‘आलर’. तेरा पाठ करा, सुटका होते.

‘घेणे’चं मूळ?

संस्कृत ‘ग्रह्’ या धातूच्या प्राकृत रूपांपर्यंत ते जातं. महाराष्ट्री प्राकृतात ‘घेत्तूण’ असं रूप आहे आणि त्याचा अर्थ सांगायला नको, ‘घेऊन’. इतक्या शतकांत एवढंच घासलं गेलं.

‘आल्माक’ म्हणजे टेक की बाय?

दोन्ही, आणि हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये. ‘बाजारातून मेथी घेतली’ असं आपण म्हणतो तेव्हा मेथी उचलून पळालो असं कुणी समजत नाही. तुर्कीतही तसंच. ‘एक्मेक आल्दम’ म्हणजे पाव घेतला, पैसे देऊन घेतला. इंग्रजीत ‘आय टुक ब्रेड’ म्हटलं तर दुकानदार मागे धावेल.

पैसे मोजून घेतलं हे ठासून सांगायचं असेल तेव्हा आपण काय म्हणतो? ‘विकत घेतलं’. हा शब्द जरा उलटासुलटा करून बघा. विकतो दुकानदार, घेतो आपण, आणि दोघांचे व्यवहार मिळून एक क्रियापद. आता तुर्की : ‘सातन आल्माक’. ‘सात’ म्हणजे विकणे, त्यापासून ‘सातन’, पुढे घेणे. हुबेहूब ‘विकत घेणे’. इंग्रजी पुस्तकात ‘सातन आल्माक = बाय’ एवढंच छापलेलं असतं आणि ही गंमत वाचणाऱ्याला कळतच नाही. वर्गात मी हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास ‘अरेच्चा’ येतो.

खरेदीला तुर्कीत ‘आलशवेरिश’ म्हणतात, म्हणजे घेणं-देणं. आपण देवघेव म्हणताना आधी देतो, ते आधी घेतात. स्वभावभेद शोधायचा तर शोधा, मी त्यात पडत नाही. भांडणातही हीच जोडी येते. ‘बेनिम्ले आलप वेरेमेदिइन ने?’ शब्दशः ‘माझ्याशी घेऊन तुला देता आलेलं नाही असं काय आहे?’, म्हणजे माझ्याशी तुझं वाकडं काय. आपण ‘माझं त्याच्याशी काही घेणं-देणं नाही’ म्हणतो, त्याच गल्लीतला वाक्प्रचार.

‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांत माझी नेहमी चूक होते. तुर्कीतही होईल का?

मराठीत विचार केलात तर नाही. नेणे म्हणजे ‘गोत्युर्मेक’, आणणे म्हणजे ‘गेतिर्मेक’. तुर्कीत इथे ‘आल्माक’ची गरजच नसते. ‘टेक धिस टू युअर आजी’ याचं भाषांतर ‘आल्माक’ने केलंत तर डबा आजीपर्यंत पोचणार नाही, तुमच्याच हातात राहील.

‘घेऊन जा’ म्हणायचं असेल तर ‘आलप गोत्युर’. ‘घेऊन ये’ म्हणजे ‘आलप गेल’. यातला ‘प’ म्हणजे आपला ‘ऊन’. जाऊन, करून, बघून ही जी साखळी आपण बोलताना सहज लावत जातो, ती तुर्कीत तशीच लागते, क्रियापद शेवटी ठेवण्यासकट. इंग्रजीतून तुर्की शिकणाऱ्याला या ‘प’वर आख्खा धडा लागतो. तुम्हाला एक वाक्य पुरेल.

फोटो ‘घेणे’ चालेल का?

नाही, आणि हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. इस्तंबूलमध्ये उस्क्युदार या भागाकडे जाणाऱ्या बोटीच्या कठड्याशी उभा होतो. शेजारी एक आजोबा सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे सीगलना टाकत होते. मी मोबाइल पुढे केला आणि इंग्रजी डोक्यात ठेवून विचारलं, ‘फोतोराफ आलर मसनझ?’ आजोबांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवून म्हणाले, नको बाळा. मी त्यांना विचारलं होतं, ‘फोटो घेणार का?’ म्हणजे मी बोटीवर फोटो विकणारा झालो होतो.

बरोबर वाक्य : ‘फोतोराफ चेकेर मिसिनिझ?’ ‘चेक्मेक’ म्हणजे ओढणे. आणि इथे पुन्हा मराठी मदतीला येते, फक्त ‘घेणे’ नव्हे, ‘काढणे’. आपण फोटो काढतो, बँकेतून पैसे काढतो, डॉक्टर दात काढतो. तुर्कीत फोटो ओढतात, पैसे ओढतात, दातही ओढतात. तिन्ही ठिकाणी ‘चेक्मेक’. ‘काढणे’ला ‘चेक्मेक’ असं एक कायमचं खातं उघडायला हरकत नाही. मात्र वर्गात फिदीफिदी दात काढणाऱ्या पोरांना हे लागू नाही. अलीकडे आपल्याकडे ‘सेल्फी घेऊ या’ ऐकू येतं, त्या सवयीचं तुर्कीत काही चालत नाही.

परीक्षेचं काय? इंग्रजीत टेक, मराठीत देणे...

तीन भाषा, तीन दिशा. इंग्रज विद्यार्थी परीक्षा घेतो. मराठी विद्यार्थी परीक्षा देतो, कारण घेतात ते सर. तुर्की विद्यार्थी परीक्षेत शिरतो : ‘सनावा गिर्मेक’, जशी एखादी खोली असावी. भारतीय इंग्रजीत ‘गिव्ह’ वापरून परीक्षा दिली जाते ती आपल्या देण्यामुळेच, आणि त्यावर परदेशी लोक गोंधळतात. तुर्कीत ‘सनाव वेर्मेक’ म्हणालात तर तेही क्षणभर थबकतील.

बस, टॅक्सी, बोट?

‘बिन्मेक’, म्हणजे चढणे, स्वार होणे. घोड्यावर, बसमध्ये, बोटीत, सगळीकडे तेच. टॅक्सी मात्र ‘धरतात’ही : ‘ताक्सी तुत्माक’. आपण रिक्षा ‘करतो’. ‘रिक्षा करून ये’ हे वाक्य तुर्कीत किंवा इंग्रजीत शब्दशः नेऊ नका.

‘घेणे’ला ‘आल्माक’ डोळे मिटून चालेल अशा जागा कुठल्या?

बऱ्याच. श्वास घेणे : नेफेस आल्माक. सूड घेणे : इन्तिकाम आल्माक. रजा घेणे : इझिन आल्माक. आपली ‘रजा’ मूळ अरबी, संमती या अर्थाची, आणि तुर्कीत ती ‘रझा’ म्हणून अजून त्याच अर्थाने जिवंत आहे. धडा घेणे : देर्स आल्माक, शिकवणीचा तास आणि आयुष्यातला फटका या दोन्ही अर्थांनी. हाती घेणे, म्हणजे एखादा विषय हाताळायला घेणे : एले आल्माक, ‘एल’ म्हणजे हात. अंगावर घेणे, जबाबदारी या अर्थाने : उस्त्युने आल्माक, म्हणजे ‘आपल्या वर घेणे’.

मला सगळ्यात आवडतो तो ‘गोझे आल्माक’. शब्दशः डोळ्यात घेणे. पुढचा धोका दिसतो आहे, तरी मागे फिरायचं नाही, अशी तयारी करणे. मराठीत याला नेमका एक शब्द मला सापडत नाही. ‘पत्करणे’ जवळ येतं, पण त्यात डोळा नाही.

आणि फसवणाऱ्या जागा?

‘करार’ पहिला. तुर्कीत ‘कारार’ म्हणजे निर्णय. शब्द एकच, अरबी, पण आपल्याकडे येताना त्याने कागदावर सह्या करून घेतल्या. निर्णय एकट्याने ठरवला तर बहुधा ‘कारार वेर्मेक’, म्हणजे निर्णय ‘देणे’. न्यायालयाचंही तसंच. समितीने ठराव केला की ‘कारार आल्माक’ जास्त ऐकू येतं. आपण सगळीकडे निर्णय ‘घेतो’, तेव्हा जपून.

दुसरी ‘खबर’. ‘हाबेर आल्माक’ म्हणजे बातमी मिळणे, इतकं साधं. आपल्याकडे एखाद्याची खबर घेतली की त्याचं काही खरं नसतं.

तिसरी ‘जागा’. ‘येर आल्माक’ शब्दशः जागा घेणे. इंग्रजीत ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे, म्हणून विद्यार्थी ‘लग्न येर आल्द’ लिहून मोकळे होतात. चूक. ‘येर आल्माक’ म्हणजे यादीत, संघात, पुस्तकात असणे. लग्न ‘होतं’. दुसऱ्याची जागा घेणे मात्र ‘येरिनि आल्माक’, आणि ते मराठीशी तंतोतंत जुळतं.

आंघोळ?

‘बान्यो याप्माक’, आंघोळ करणे. शॉवरसाठी ‘दुश आल्माक’ सर्रास चालतं आणि भाषाशुद्धीवाले त्यावर नाक मुरडतात, कारण ती परक्या वाक्प्रचाराची नक्कल वाटते. त्यांना ‘दुश याप्माक’ हवं असतं. आपल्याकडे ‘शॉवर घेतला’ म्हणणाऱ्याला घरातली वडीलधारी मंडळी असंच बघतात.

उलट दिशेची नक्कलही असते बरं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य वरून इंग्रजी दिसतं, पण इंग्रजांच्या देशात टेन्शन कुणी ‘टेक’ करत नाही. तो घेण्याचा हात आपला आहे.

‘टेक ऑफ’, ‘टेक आफ्टर’ असली शेपूटवाली क्रियापदं तुर्कीत कशी न्यायची?

शेपूट तोडून. तुर्कीत अशी शेपटं नाहीत, प्रत्येक अर्थाला वेगळं क्रियापद. कपडे काढणे : चकार्माक. विमान उडणे : हावालान्माक, ज्यात आपली ‘हवा’ सरळ बसलेली दिसते. बाकी एकेक करून पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही.

‘टेक आफ्टर’वर मात्र थांबायला हवं. मुलगा वडिलांसारखा निघाला. इंग्रजीत तो वडिलांच्या मागून ‘घेतो’. तुर्कीत ‘बाबासना चेक्मिश’, वडिलांकडे ओढला गेलाय. मराठीत तो बापावर ‘गेलाय’. पोरगं एकच, एक घेतं, एक ओढलं जातं, एक जातं.

पाहुणचारात काय म्हणायचं?

‘चाय आलर मसनझ?’ म्हणजे ‘चहा घेणार का?’ इथे एकही शब्द बदलावा लागत नाही. शेवटचं ‘सनझ’ हे आपलं ‘तुम्ही’. तू म्हणण्याइतकी जवळीक असेल तर ‘आलर मसन’. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्या माणसाला ‘तुम्ही’च.

चहा आला, छोट्या कंबरदार पेल्यात, बशीत साखरेचे दोन खडे. समजा कुणाचं कोपर लागलं आणि पेला टेबलक्लॉथवर आडवा झाला. घरची बाई कपाळाला हात लावून म्हणेल, ‘आल इश्ते!’ ‘आल’ म्हणजे घे. आपली काकू अशा वेळी काय म्हणते? ‘घ्या! आता हे कुणी पुसायचं?’ तोच वैताग, तेच आज्ञार्थी क्रियापद, आणि घ्यायला दोन्ही घरांत काहीच नाही. इंग्रजीत इथे ‘टेक’ म्हणून बघा, कुणी तरी सांडलेला पेला उचलून हातात देईल.

तिन्ही भाषांत अगदी एकसारखा चालेल असा एक तरी अर्थ आहे का?

किल्ला. इंग्रजीत किल्ला ‘टेक’ करतात. तुर्कीत ‘कालेयि आल्माक’, आणि हा ‘काले’ म्हणजे आपला ‘किल्ला’च, दोघांचा बाप एकच अरबी शब्द. मराठीत किल्ला घेतात. 29 मे 1453 ला दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल ‘घेतलं’, 1670 मध्ये तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी कोंढाणा ‘घेतला’. ओर्खोनच्या दगडांवरचा ‘आल’ही याच जातीचा. भाजी, फोटो, परीक्षा यांवर भाषांचं जमत नाही, तटबंदीवर जमतं.

‘समजून घे’, ‘लिहून घे’ यांतलं ‘घे’ तुर्कीत येतं का?

तुर्कस्तानच्या तुर्कीत नाही. तिथे ‘देणे’ मात्र असं जोडलं जातं : ‘यापवेर’ म्हणजे ‘करून टाक पटकन’, त्यात एक लाडीगोडीही असते. पण तुर्कीच्या चुलत बहिणीकडे, उझबेकमध्ये, आपल्याला हवं ते अख्खं सापडतं. विकत घेणे म्हणजे ‘सोतिब ऑल्मॉक’, शब्दशः ‘विकून घेणे’. दुसऱ्यासाठी लिहून देणे म्हणजे ‘योझिब बेर्मॉक’. आणि ताश्कंदच्या शाळेत बाई फळ्याकडे वळून मुलांना सांगतात, ‘योझिब ऑलिंग’. लिहून घ्या.